ठक झालं की हात आत

सावित्रीबाई लग्न होऊन करमाळ्याकडच्या त्या गावात आली, तेव्हा तिचा धाकटा दीर भैरू पायजम्याची नाडी दातात धरून अंगणात उभा होता. सासू आधीच गेलेली, घरात बाईमाणूस कुणी नाही. त्या नाडीला गाठ मारली सावित्रीबाईनं, आणि तेव्हापासून ते पोर तिच्याच गळ्यात पडलं. पुढं तिला स्वतःचं मूल झालं नाही. नाही तर नाही, भैरू होता की. ती त्याला ‘भाऊजी’ म्हणायची, कारण रीत तशी होती. पण त्या भाऊजींचं नाकही तीच पुसायची.

भैरू म्हणजे नुसता भिरभिऱ्या. जेवताना कावळ्याकडं बघेल, कावळा उडाला की रस्त्यावरच्या माणसाची नक्कल करेल, आणि तेवढ्यात भाकरी मांजरानं नेलेली असेल. त्याच्या नकलांना सारा गाव हसायचा. हसायचा नाही तो एकटा ज्योतीराम, सावित्रीबाईचा नवरा आणि भैरूचा थोरला भाऊ. त्याच्या तोंडावर हसू बघायला सण उजाडावा लागे, आणि सण उजाडला तरी खात्री नाही.

या ज्योतीरामाच्या डोक्यात एकच खूळ, सवय. ते तो कुठल्या शाळेत शिकला नव्हता, विहिरीवर शिकला होता. बापाची मोट होती. मोट वर येऊन पाणी थारोळ्यात कोसळलं, की त्या आवाजासरशी बैल आपले आपण मागं सरायचे. ना चाबूक, ना हाक. बापानं त्यांना पेंडीच्या घासावर शिकवलं होतं. “बैलाला जमतं ते मानसाला का जमू नये,” असं ज्योतीराम म्हणायचा, आणि ते गमतीनं म्हणत नसे.

चौसष्ट साली तिघं पिंपरीला आली. ज्योतीराम एका मोठ्या कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर लागला. सत्तरच्या सुमाराला त्यानं नोकरीला रामराम ठोकला आणि भोसरीत पत्र्याची शेड घेतली. पुढं एक जुनी प्रेस, मागं एक खोली, तिथंच चूल. त्याच कंपनीच्या स्कूटरच्या ब्रेकला लागणारी एक पट्टी तो तयार करायचा. कामाला तो स्वतः, भैरू आणि आणखी एखादा माणूस. लोक म्हणाले, दिवाळीपर्यंत कुलूप लागेल.

कुलूप लागलं नाही. खोटं कशाला बोला, धंदा वाढवायची अक्कल होती त्याला. एकदम काही करायचं नाही. रोज एक लहानशी गोष्ट धरायची, ती अंगात मुरली की तिला दुसरी जोडायची, अशी त्याची तऱ्हा. कंपनीचा भोंगा झाला की शेडचं दार उघडायचं. दार उघडलं की झाडू, आणि तो झाडू त्यानं मुद्दाम दाराच्या कडीलाच अडकवलेला, हातात घेतल्याशिवाय आत जाताच येऊ नये. चहाचा कप खाली ठेवला की तेलाचा डबा उचलायचा. पहिला नग निघाला की तो मापून खिळ्याला टांगायचा, मगच दुसरा. आजूबाजूचे शेडवाले दात काढायचे. पण त्यांच्या मशिनी पावसाळ्यात अडायच्या, याची अडत नसे. त्यांचा माल कंपनीच्या फाटकातून परत यायचा, याचा आत जाऊन बसायचा. हळूहळू कंपनीतले साहेब लोक त्याला नावानं ओळखायला लागले, आणि सावित्रीबाईलाही नवऱ्याचं कौतुक वाटायला लागलं.

मग ज्योतीरामानं भैरूवर मोर्चा वळवला.

प्रेसचं काम तसं सरळ. उजव्या हातानं पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पायडल दाबायचं. वरून लोखंडी ठोकळा येतो, ठक, पट्टी तयार. मग हात आत, पट्टी बाहेर, नवा तुकडा आत. पण पायडल दाबल्यावर ठोकळा लगेच पडत नाही. चाकाचा खिळा अडकायला पापणी लवेल इतका वेळ जातो. म्हणून शहाणा माणूस डोळे लावून बसतो, ठोकळा पडून वर गेलेला बघतो, मगच हात घालतो. आता भैरूचे डोळे कुठले एका जागी ठरायला? दारातून कुत्रं गेलं तरी याची मान तिकडं. ज्योतीरामानं थोडे दिवस बघितलं आणि म्हणाला, “ह्याच्या डोळ्यांचा कायबी उपेग न्हाई. ह्याला कानावर लावायचा.”

आणि लावला. सावित्रीबाईकडून जुन्या लुगड्याचं धडपं मागून घेतलं. तिला वाटलं, मशीन पुसायला हवं असेल. चहा घेऊन ती शेडमध्ये गेली, तर भैरू ते धडपं डोळ्यांवर बांधून प्रेसपुढं बसलेला, आणि ज्योतीराम शेजारी वेताची छडी घेऊन. ठक झालं की हात आत. ठक व्हायच्या आधी हात हलला, की मनगटावर छडी. ठक झाल्यावर हात रेंगाळला, तरी छडी. पहिल्या पहिल्यांदा मोटार बंद ठेवून चाक हातानं फिरवायचा, एवढीच काय ती दया. काम संपलं की भैरूच्या तोंडात गुळाचा खडा.

“अवो, पोराचा हात हाय त्यो,” सावित्रीबाई म्हणाली. “बैल न्हाई.”

“बैलापरीस शाना हाय,” ज्योतीराम म्हणाला. “लौकर शिकंल.”

शिकला. तेच तर वाईट झालं. मोटार सुरू झाली, वेग वाढला, तरी डोळे बांधलेला भैरू चुकेना. पुढं फडकं सुटलं, पण डोळे परत मशिनीकडं वळलेच नाहीत. त्यांचं तिथं काम उरलं नव्हतं. डोळे पुढचा तुकडा शोधायचे, तयार पट्टी तपासायचे, दारातलं कुत्रंही बघायचे, आणि हात आपला ठक झालं की आत. दुसऱ्या कुणाच्यानं निघणार नाही इतका माल निघायला लागला. भैरूलाही त्याचा तोरा चढला. मनगटावरचे वळ दाखवून म्हणायचा, “वैनी, ह्यो हात आता माझा न्हाई. मशिनीला दत्तक दिला.” सावित्रीबाईला हसू येत नसे.

एक दिवस कंपनीच्या खरेदी खात्याचे साहेब शेड बघायला आले. ज्योतीरामानं भैरूचे डोळे बांधले आणि प्रेस सुरू केली. साहेब गॉगल काढून बघत राहिले. “वंडरफुल,” म्हणाले. डोळे बांधलेल्या भैरूनं हात चालू ठेवून साहेबांच्याच आवाजात “वंडरफुल” म्हटलं, तेव्हा तेही हसले. पाठोपाठ दुप्पट मालाची ऑर्डर आली, आणि वर साहेबांचा शब्द, की वर्षभर माल वेळेवर दिलात तर तुम्ही आमचे कायमचे. कायमचे, एवढं ऐकून ज्योतीरामाला दुसरं काही ऐकू येईना झालं.

दुप्पट मालाला दुसरी प्रेस हवी. लिलावातून एक जुनी प्रेस आणली, पहिल्या प्रेसची जुळी बहीणच. शेडमध्ये मोटार एकच. तिचा पट्टा पोचेल तिथंच मशीन बसणार, म्हणून ती भैरूच्या प्रेसला खेटून बसवली. तिच्यावर काळेवाडीचा भीमराज कामाला आला. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, मान खाली घालून नेटानं काम करणारा. खंडेनवमीला दोन्ही मशिनींना झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, आणि दसरा झाल्यावर दोन्ही एकदम सुरू केल्या. दोघींचा आवाज अगदी एकसारखा निघाला.

त्या दिवशी भैरू जेवायला आला तो घामानं भिजून. नक्कल नाही, बडबड नाही. ताटातली भाकरी मोडेना.

“वैनी, ठक कुनाचं त्येच कळंना,” तो हळू आवाजात म्हणाला. “भीमराजदादाचं ठक होतंया आन माझा हात निघतुया. लई जोर लावून धरून ठेवतुया मी त्याला.”

सावित्रीबाई उठली. ती तशीच खरकट्या हातानं शेडमध्ये गेली.

“मधी भिंत घाला. न्हाईतर ती मशीन त्या टोकाला न्या.”

“पट्टा पोचत न्हाई,” ज्योतीराम म्हणाला.

“मग भाऊजींना म्हना, डोळ्यांनी बघून करा.”

“येवढी सवय लावली ती मोडू? आन मोडल्यावर माल कोन दील, तू?” त्यानं तेलाचा डबा जागेवर ठेवला. “हुईल सवय. जा, चूल बघ.”

भैरूनं डोळ्यांनी बघायचा प्रयत्न करून बघितला. पण हाताला आता डोळ्यांचं ऐकायचं माहीत नव्हतं. डोळे थांब म्हणायचे आणि हात निघालेला असायचा. दोनदा बोटांना ठोकळ्याचा वारा लागला. दादाला सांगितलं, तर दादानं त्या दिवशी गुळाचा खडा जरा मोठा दिला. असल्या माणसाला काय म्हणावं? भाऊ म्हणावं की बैलवाला म्हणावं? पण भैरू खडा चघळत परत जाऊन बसला, कारण दादा सांगेल ते ऐकायची सवय तर त्याला प्रेस बघायच्याही आधीपासून होती.

दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी झालं. भैरूनं पायडल दाबलं, आणि त्याचा ठोकळा पडायच्या आत शेजारी भीमराजाचा पडला. ठक. भैरूचा हात आत गेला. मग त्याच्या स्वतःच्या मशिनीचं ठक आलं.

सावित्रीबाईला चुलीपाशी कळलं ते आवाज थांबल्यामुळं. धावत आली तेव्हा भीमराज पट्टा ओढून मशीन बंद करत होता. भैरू ओरडला नव्हता. अंगठा तेवढा राहिला होता. बाकीची चार बोटं पट्टीला चिकटून साच्यात होती, आणि डावा हात पुढचा तुकडा धरून तयार होता. सावित्रीबाईला तो तुकडा त्याच्या मुठीतून सोडवायला बराच वेळ लागला.

दवाखान्यात साहेब भेटायला आले, मोसंबी घेऊन. माणूस वाईट नव्हता. खाटेशेजारी बसून त्यानं ज्योतीरामाला सरळ विचारलं, “कशामुळं झालं हे? मशिनी फार जवळ आहेत का तुमच्या? तसं असेल तर शेड नीट होईपर्यंत मला माल थांबवावा लागेल.”

सावित्रीबाई पायथ्याशी उभी होती. बोला, असं तिनं नवऱ्याकडं बघितलं. ज्योतीरामानं पायातल्या चपलेकडं बघितलं.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “मशिनीचं काय न्हाई. लक्ष नव्हतं त्याचं. ल्हानपनापास्नं तसाच हाय, कुनालाबी इचारा.”

साहेब भैरूकडं वळले. “काय रे?”

भैरूनं दादाकडं बघितलं. ज्योतीरामाचे डोळे भरून आले होते, आणि खोटे नव्हते हो ते. तो माणूस त्या क्षणी खरोखर भीक मागत होता. भैरूनं आयुष्यात पहिल्यांदा दादाला कुणापुढं असं बघितलं, आणि तेही आपल्यापुढं.

“व्हय साहेब,” भैरू म्हणाला. “माझं लक्ष नव्हतं.”

साहेब गेल्यावर ज्योतीराम बाहेरच्या ओट्यावर सावित्रीबाईला म्हणाला, “येकदाच बोलायचं हुतं. झालं. आता कुनी इचारनार न्हाई.” एकदाच म्हणे. पहिला दिवसच काय तो जड जातो, पुढचं आपोआप होतं, हे साऱ्या भोसरीला सांगत हाच फिरायचा ना?

भीमराज मात्र घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. “ताई, आवाज माझ्या मशिनीचा होता,” तो म्हणाला. “साहेबांना मी सांगतो. माझी नोकरी गेली तर गेली.” ज्योतीरामानं त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. काय बोलला देव जाणे, पण भीमराज परत कामाला आला नाही. काळेवाडीत तो पुढं सायकली दुरुस्त करायचा, आणि प्रेसच्या कामाला कुणी बोलावलं तर हात जोडायचा.

भैरूचं लग्न महाळुंग्याच्या एका मुलीशी ठरलेलं होतं. सावित्रीबाईनंच जमवलं होतं ते, हौसेनं. मुलीच्या बापाचा निरोप आला, की लग्न मोडलं. सावित्रीबाई नवऱ्याच्या हातापाया पडली. “त्या व्याह्याला तरी खरं सांगा. अपघात हाय म्हना, आमच्या चुकीनं झाला म्हना.”

“गावभर हुईल. साहेबाच्या कानावर जाईल,” ज्योतीराम म्हणाला. “वरीस पुरं हू दे. मग सांगतो.”

तेव्हा ती एकटी एस्टीनं महाळुंग्याला गेली. मुलीच्या बापानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “बाई, हात गेला त्याचं काय न्हाई. लंगड्यापांगळ्यांचीबी लग्नं हुत्यात. पर बेफिकीर मानसाला पोर कशी द्यावी? तुमचा दीर सोताच चारचौघांत सांगतोय, लक्ष नव्हतं म्हनून. मी त्याचं ऐकू का तुमचं?” सावित्रीबाई उठली. त्या माणसावर राग धरायलाही तिला जागा सापडेना.

वर्ष पुरं झालं. माल एकदाही चुकला नाही, आणि ज्योतीराम कंपनीचा कायमचा झाला. घरी पेढे आले. सावित्रीबाईनं पेढा हातात धरून विचारलं, “आता सांगनार का?” ज्योतीराम म्हणाला, “आता कशाला जुनं उकरायचं?” आणि पेढा खाल्ला.

धंदा वाढत गेला. पक्की शेड झाली, ओळीनं प्रेस बसल्या, दारावर पाटी लागली. नव्या शेडमध्ये ज्योतीरामानं प्रत्येक दोन प्रेसच्या मध्ये विटांची भिंत घातली. कुणी विचारलं तर म्हणायचा, धूळ उडती म्हणून. सावित्रीबाई वास्तूच्या दिवशी त्या भिंतींवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. म्हणजे माहीत होतं मेल्याला. सगळं, पहिल्यापासून माहीत होतं. तिला वाटलं, त्याच भिंतीवर त्याचं डोकं आपटावं. त्याऐवजी तिनं आलेल्या बायकांना हळदकुंकू लावलं.

भैरूला फाटकावर स्टूल मिळालं. राखणदार. नवा माणूस कामाला आला, की ज्योतीराम त्याला आधी फाटकावर आणायचा.

“भैरू, हात दाखव.”

भैरू हात वर करायचा.

“बघून घे,” ज्योतीराम नव्या माणसाला म्हणायचा. “लक्ष नसलं की आसं हुतं. काय भैरू?”

“माझं लक्ष नव्हतं,” भैरू म्हणायचा.

पहिल्या वेळी हे म्हणताना त्याचा ओठ थरथरला होता. सावित्रीबाईनं बघितलं होतं ते. दुसऱ्या वेळी थोडा कमी. मग कधीतरी थांबलाच. ज्योतीराम तर पुढं पुढं इतक्या तळतळीनं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, या भावानं किती समजावलं असेल आणि या बेपर्वा माणसानं कसं ऐकलं नसेल. पाहुण्यांत, लग्नाकार्यात, साहेबांपुढं तेच. कुणालाच ते खोटं वाटत नसे, आणि सांगता सांगता ज्योतीरामालाही वाटेनासं झालं.

सावित्रीबाईला एकच धीर होता. आपल्याला माहीत आहे, आणि भैरूला माहीत आहे. ऑर्डर जाण्याची ज्योतीरामाची भीती संपेल तेव्हा संपेल, पण खरं काय ते या पोराच्या पोटात शाबूत आहे. त्या भरवशावर ती रोज डबा घेऊन फाटकावर जायची, आणि त्याच्याजवळ बसून त्याला जेवताना बघायची.

एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती अशीच डबा घेऊन गेली, तेव्हा फाटकाशी एक नवा माणूस काम मागायला उभा होता. ज्योतीराम कुठं आसपास नव्हता, मुंबईला गेला होता. माणसानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच भैरूनं आपण होऊन हात वर केला.

“बघून घे,” भैरू म्हणाला. “लक्ष नसलं की आसं हुतं. माझं लक्ष नव्हतं.”

माणूस चपापून आत गेला. सावित्रीबाईनं डबा कडेवर तसाच धरून इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “आता हितं कुनी न्हाई. आर्डर काय कुठं जात न्हाई. मला तरी खरं बोला. भीमराजाच्या मशिनीचं ठक झालं हुतं न्हवं, म्हनून हात गेला?”

भैरूनं तिच्याकडं बघितलं. कपाळाला आठी घालून, आठवायचा खरा प्रयत्न करून.

“कसलं ठक, वैनी?” तो म्हणाला. “माझंच लक्ष नव्हतं. तुमाला ठावं हाय की.”

सावित्रीबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. या पोराचं खोटं तिला त्याच्या लहानपणापासून ओळखता येत होतं. कान लाल व्हायचे, नजर खाली जायची. तसलं काही नव्हतं. तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडून दिलं, कारण त्याला एका हातानं ते निघत नसे.